शेपूट, नळी आणि ट्रेनर

सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्राडोर दीड वर्षाचा होतो आणि एका संध्याकाळी, सोफ्यावरून उठवायला आलेल्या काकांवर गुरगुरतो. पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जातो. मग कुरियरवाल्याची पँट फाटते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो, सेक्रेटरीचं पत्र येतं आणि कुणीतरी एका ट्रेनरचा नंबर फॉरवर्ड करतं. ट्रेनर येतो, दहा मिनिटं कुत्र्याकडे बघतो आणि निदान सांगतो, "हा स्वतःला घरातला बॉस समजायला लागलाय. याला याची जागा दाखवावी लागेल."

जागा दाखवायची म्हणजे काय, तर आधी तुम्ही जेवायचं, मग त्याला वाढायचं. दारातून आधी तुम्ही बाहेर पडायचं. सोफा बंद. गुरगुरला तर मान धरून उताणं पाडायचं आणि अंग ढिलं सोडेपर्यंत दाबून ठेवायचं.

हे पुण्यात घडतं, ठाण्यात घडतं आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातही घडतं. निदान सगळीकडे तेच. हे वाक्य आलं कुठून? आपल्या भाषेतून तर नक्कीच नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपली म्हण सांगते. म्हणजे शिकवण्याचा खटाटोपच व्यर्थ. कुत्रा घराची सत्ता बळकावायला बघतोय ही कल्पना बाहेरून आलेली आहे. तिचं वय शंभरएक वर्षं आहे, आणि तिला जगभर पोचवणाऱ्या माणसानेच पुढे ती मागे घेतली. ती मागे घेतल्याची बातमी मात्र अजून आपल्या जिन्यापर्यंत पोचलेली नाही.

*

आधी जर्मनीत जाऊ. कोनराड मोस्ट हा पोलीस अधिकारी १९०६ साली सारब्रुकेनमध्ये पोलिसांसाठी कुत्रे तयार करायला लागला आणि १९१० साली त्याने श्वानप्रशिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. आजच्या धंद्याचा पाया बराचसा या पुस्तकात आहे. मोस्टची नजर तीक्ष्ण होती. कुत्र्याला नीती-अनीती कळत नाही, हे त्याने ठासून सांगितलं. तुम्ही घरी आलात आणि फाटलेली उशी पाहून ओरडलात की कुत्रा कान पाडून कोपऱ्यात बसतो. तो पश्चात्ताप नव्हे, तुमच्या चेहऱ्याची भीती. कृती आणि परिणाम यांच्यात काही क्षणांचंच अंतर असेल तरच कुत्रा त्यांची सांगड घालतो. अवघड काम छोट्या टप्प्यांत फोडून शिकवायचं, हेही त्याने लिहून ठेवलं. मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टींना भारदस्त नावं दिली ती नंतर.

पण मोस्टच्या हातात छडी होती आणि कुत्र्याच्या गळ्यात काटेरी पट्टा. माणूस आणि कुत्रा यांच्यात वरचढ कोण, हे एकदा प्रत्यक्ष झटापटीनेच ठरतं आणि त्या झटापटीत माणसाने तत्काळ जिंकलं पाहिजे, असं तो मानत असे. त्याच्यापुढे गुन्हेगाराच्या अंगावर जाणारे दणकट कुत्रे होते, आणि त्याचा वरिष्ठ त्याच्याशी वागायचा तसाच तो कुत्र्याशी वागला. कैसरच्या जर्मनीतल्या शिस्तीची ती सावली होती. एवढं मान्य करूनही एक प्रश्न उरतो. पोलिसी कुत्र्यासाठी लिहिलेलं हे शास्त्र दिवाणखान्यातल्या कुत्र्यावर कधी आणि का लागू झालं?

त्या काळातही दुसरा सूर होताच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९१७ साली युद्धश्वानांची शाळा काढली आणि ती एडविन रिचर्डसन या अधिकाऱ्याकडे सोपवली. त्याला संदेशवाहक कुत्रे हवे होते. तोफांच्या भडिमारातून चिखल तुडवत चौकीपर्यंत एकट्याने पळायचं, हे त्यांचं काम. बरोबर शिक्षक नाही, पट्टा नाही. जिथे छडी पोचतच नाही, तिथे छडीने शिकवून काय होणार? रिचर्डसनने मायेवर आणि खाऊवर भर दिला. हा दयाळूपणा असेल-नसेल, पण त्या कामाची गरज तीच होती.

*

कुत्रा 'बिघडतो' म्हणजे काय, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मात्र कुठल्याही प्रशिक्षण शाळेत मिळालं नाही. ते मिळालं रशियात.

पावलोव्ह म्हटलं की आपल्याला शाळेतली घंटा आणि लाळ आठवते. त्याच्या प्रयोगशाळेतली दुसरी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. १९१४च्या सुमारास तिथे शेंगर-क्रेस्तोव्निकोव्हा या संशोधिका एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक शिकवत होत्या. वर्तुळ दिसलं की खाणं, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही. कुत्रा शिकला. मग त्या लंबवर्तुळ हळूहळू गोल करत गेल्या. दोन अक्षांचं प्रमाण ९:८ वर आलं आणि कुत्र्याला फरक कळेना. इतके दिवस शांत उभा राहणारा तो प्राणी किंकाळ्या फोडू लागला, अंग आवळू-झटकू लागला, दातांनी यंत्राच्या नळ्या तोडू लागला. आधी सहज जमणारे सोपे फरकही तो विसरला.

त्याला कुणी मारलं नव्हतं. त्याला बॉसही व्हायचं नव्हतं. समोरचं जग आता आपल्याला काय देणार हे कळेनासं झालं, एवढ्यानेच तो मोडला. सोफ्यावर कधी कुशीत घेतला जाणारा आणि कधी त्याच सोफ्यावरून ढकलला जाणारा आपला लॅब्राडोर या कुत्र्याचा लांबचा नातेवाईक आहे, असं मला नेहमी वाटतं.

पुढे सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला. पावलोव्हच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलं. पिंजऱ्यांची दारं खालच्या बाजूला होती. छताला नाक लावून पोहणाऱ्या कुत्र्यांना बाहेर काढण्यासाठी आधी पाण्याखाली दाबावं लागलं. कुत्रे वाचले, पण त्यांतले काही बदलून गेले. पूर्वी शिकलेलं पुसलं गेलं. दिवसांनी ते सावरलेसे वाटले, तेव्हा खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडून पाहण्यात आली. तेवढ्याने कुत्रा पुन्हा कोसळला.

त्याच १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञाने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. पीटर सशाला घाबरायचा. मेरीने त्याला आवडता खाऊ द्यायचा आणि ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, पिंजऱ्यात ठेवायचा, असं सुरू केलं. मुलगा निवांत खातो आहे एवढ्याच अंतरावर. मग दर वेळी ससा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. भित्र्या किंवा अंगावर जाणाऱ्या कुत्र्यांसाठी आज चांगला ट्रेनर जे करतो, त्याचा गाभा हाच. डोअरबेल, लिफ्टमधला दुसरा कुत्रा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, यांतला जो कुणी त्याचा 'ससा' असेल, तो लांब ठेवायचा. तो दिसला की खाऊ यायचा. आणि घाई करायची नाही.

म्हणजे १९२४ पर्यंत रोगही कळला होता आणि औषधही. तरी पुढची साठ-सत्तर वर्षं कुत्र्यांना ते मिळालं नाही. कारण मध्ये लांडगे आले.

*

लांडग्यांच्याही आधी कोंबड्या आल्या. नॉर्वेचा शेल्डरुप-एब्बे हा तरुण लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळत असे. कोण कुणाला चोच मारते आणि कोण निमूट खाते, याची एक उतरंड असते, हे त्याने १९२१च्या सुमारास मांडलं. प्राणी म्हटला की उतरंड, अशी एक सवय तेव्हापासून अभ्यासकांच्या डोळ्यांना लागली.

१९४७ साली स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल याने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण १० मीटर बाय २० मीटरच्या आवारात दहापर्यंत लांडगे. ते सतत वरच्या जागेसाठी झगडतात आणि जिंकणारी जोडी सगळ्यांवर सत्ता गाजवते, असं त्याला दिसलं. त्याला दिसलं ते खोटं नव्हतं. पण ज्याला बाहेर पडायला वाट नाही, अशा टोळक्यात जे घडतं, ते तो पाहत होता. बिग बॉसच्या घरावरून मराठी कुटुंबाचा अभ्यास करण्यासारखं आहे ते.

अमेरिकेच्या डेव्हिड मेक याने १९७० साली लांडग्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात शेंकेलची ही मांडणी आली, पुस्तक प्रचंड खपलं आणि 'अल्फा' हा शब्द घरोघर पोचला. मग साधा, सरळ आणि चुकीचा हिशोब मांडला गेला : कुत्रा लांडग्यापासून आला, लांडगे अल्फापदासाठी भांडतात, म्हणून तुमचा कुत्राही तुमच्या घरात तेच करतोय. मोस्टची झटापट या हिशोबात चपखल बसली. आता तिला निसर्गाची साक्ष होती.

१९७८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी, होय, ख्रिस्ती साधूंनीच, कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा उपाय होता. लांडगे असंच करतात, हा समज त्यामागे. प्रत्यक्षात दुबळा लांडगा आपणहून उताणा होतो, त्याला कुणी आपटत नाही. त्याच्याही आधी, १९६२ साली, विल्यम कोहलर याचं पुस्तक आलं होतं. हा लष्करी कुत्र्यांचा शिक्षक, पुढे डिस्नीच्या सिनेमांतल्या प्राण्यांचा. बागेत खड्डे खणणाऱ्या कुत्र्यावर त्याचा उपाय असा : तो खड्डा पाण्याने भरायचा आणि कुत्र्याचं तोंड त्यात बुडवायचं. लेनिनग्राडचे कुत्रे आठवून हे वाक्य पुन्हा वाचा.

इंग्लंडात बार्बरा वुडहाऊस या आजीबाई १९८० साली बीबीसीवर आल्या. कुत्र्यापेक्षा मालकांनाच खडसावणाऱ्या म्हणून त्या गाजल्या. वाईट कुत्रा नसतोच, नवशिके मालक असतात, हा त्यांचा सूर. दोष कुत्र्याकडून माणसाकडे सरकवला, हे त्यांचं श्रेय. पट्ट्याला हिसका देण्याची पद्धत मात्र जुनीच.

मेक मात्र थांबला नव्हता. १९८६ पासून अनेक उन्हाळे तो कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर रानातल्या लांडग्यांबरोबर राहिला. तिथे त्याला अल्फापदाची लढाई दिसलीच नाही. दिसलं ते कुटुंब. आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. बाप पुढे चालतो कारण तो बाप आहे. त्याने कुणाला हरवलेलं नाही. पोरं मोठी झाली की आपापला संसार थाटायला निघून जातात. १९९९ साली मेकने शोधनिबंध लिहून सांगितलं की 'अल्फा' हा शब्द रानातल्या कळपाला लावू नका. स्वतःचं खपणारं पुस्तक छापणं बंद करा, असं तो प्रकाशकाला वर्षानुवर्षं विनवत राहिला. न्यू स्कीटच्या साधूंनीही २००२च्या नव्या आवृत्तीत उताणं पाडण्याचा सल्ला मागे घेतला.

दोनच वर्षांनी, २००४ साली, नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीवर सीझर मिलानचा कार्यक्रम सुरू झाला आणि 'कळपाचा नेता' नव्या दमाने घराघरांत शिरला. त्याचे तुकडे आजही रील म्हणून तुमच्यासमोर येतात. तीस सेकंदांत चावरा कुत्रा गप्प. पण गप्प होणं आणि शांत होणं यांत फरक आहे, आणि तो तीस सेकंदांच्या व्हिडिओत दिसत नाही.

*

दुसरी वाट कधीपासून तयार होती, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे जोडपं बी. एफ. स्किनरचे मिनेसोटातले विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना क्षेपणास्त्राचा नेम धरायला शिकवण्याच्या स्किनरच्या अफाट प्रकल्पात ते होते. कबुतरं शिकली, लष्कराला ते पटलं नाही. ब्रेलँडना मात्र एक कळलं होतं. नेमक्या क्षणी एक ठरलेला आवाज करायचा आणि त्यामागून दाणा द्यायचा. एवढ्यावर जवळपास कुठल्याही प्राण्याला, हात न उगारता, शिकवता येतं.

विद्यापीठ सोडून त्यांनी धंदा काढला आणि ही पद्धत आधी कुत्र्यांच्या ट्रेनर मंडळींकडे नेली. ट्रेनर मंडळींनी त्यांना वाटेला लावलं. कुत्रे शिकवायला प्रोफेसर कशाला हवेत? मग ब्रेलँड कोंबड्यांकडे वळले. पशुखाद्य विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीसाठी त्यांनी नाचणाऱ्या, पियानो वाजवणाऱ्या कोंबड्या तयार केल्या आणि पुढे शंभराहून जास्त जातींचे प्राणी शिकवले. डॉल्फिनही. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. त्याला आवडलं नाही तर तो सरळ तळाशी निघून जातो. हवाईमधल्या सी लाइफ पार्कमध्ये १९६३ पासून डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायरने हे धडे १९८४ साली पुस्तकात मांडले आणि नव्वदच्या दशकात 'क्लिकर' कुत्र्यांपर्यंत आला. चाळीसच्या दशकात दारातून परत पाठवलेली पद्धत कोंबड्या आणि डॉल्फिन असा वळसा घेऊन पन्नासेक वर्षांनी कुत्र्यांच्या घरी पोचली.

मधल्या काळात किती कुत्रे उताणे दाबले गेले, त्याची मोजदाद नाही. परिणामाची मात्र थोडी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ साली, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, की तुम्ही घरी काय काय करून पाहिलं आणि कुत्रा कसा वागला? मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर, ज्यांनी ते केलं त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांच्या अंगावर कुत्रा आला. उताणं पाडल्यावर ३१ टक्के. डोळ्यांत रोखून बघितल्यावरही ३० टक्के. आधीच चिडलेल्या कुत्र्यांचे हे आकडे आहेत, सगळ्या कुत्र्यांचे नव्हेत. पण ट्रेनरला फोन करणारे लोक नेमके अशाच कुत्र्यांचे मालक असतात ना?

*

आपल्याकडे या धंद्याची एक वेगळी ओळख आहे. घरी येणाऱ्या ट्रेनरची ओळख अनेकदा 'डॉग स्क्वॉडमधले रिटायर्ड' किंवा 'आर्मीतले' अशी करून दिली जाते, आणि ती ऐकून आपल्याला धीर येतो. त्या कामाला मान आहे, आणि तो रास्तच आहे. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडोरने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. पण हुंगून शोधणं हा कुत्र्याच्या लेखी खेळ असतो. त्याला हवं ते बक्षीस मिळतं, म्हणून तो शोधतो. पोलिसी कुत्रा निवडतानाच भित्रा बाजूला काढला जातो. तुमच्या सोफ्यावरचा कुत्रा कुणी निवडलेला नाही. तो कदाचित तिसाव्या दिवशीच आईपासून तोडून, खोक्यात घालून विकलेला आहे. त्याला 'सिट-स्टे'ची परेड येते (मराठी घरातसुद्धा कुत्र्याशी इंग्रजीतच का बोलतात, यावर कुणीतरी पीएचडी करावी), पण बेल वाजली की त्याचं काळीज फाटतं.

म्हणून कामाचा माणूस आला की तो आधी कुत्र्याला हात लावत नाही, तुम्हाला प्रश्न विचारतो. गुरगुरण्याआधी काय झालं? नंतर तुम्ही काय केलंत? झोपेतून उठवलं होतं का? कान, दात, कंबर डॉक्टरांनी तपासली का? अचानक चिडका झालेला कुत्रा पुष्कळदा दुखत असलेला कुत्रा निघतो. तो वही ठेवायला सांगतो. पहिले दोन आठवडे लिफ्टऐवजी जिना वापरायला सांगतो, कारण चूक घडायची संधीच कमी झाली तर कुत्र्याची सवय मोडायला वेळ मिळतो. तासाभरातला बहुतेक वेळ तो तुम्हालाच शिकवतो : खाऊ कुठल्या क्षणी द्यायचा, पट्टा ढिला कसा धरायचा, कुत्र्याने ओठ चाटले, मान फिरवली, अंग ताठ केलं तर काय समजायचं. आणि गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका, असं बजावतो. गुरगुरणं हा इशारा आहे. इशारा दिल्याबद्दल मार बसला, तर कुत्रा इशारा देणं सोडतो. चावणं सोडत नाही. 'काही न सांगता अचानक चावला' अशा कित्येक कुत्र्यांनी पूर्वी सांगून पाहिलेलं असतं.

ट्रेनर म्हणवून घ्यायला पदवी लागत नाही. परदेशात ट्रेनर निवडताना विचारायचे तीन प्रश्न प्रचलित आहेत, ते फोनवरच विचारता येतात. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर त्याला काय मिळेल? चुकला तर त्याच्यासोबत नेमकं काय होईल? आणि याहून सौम्य दुसरा उपाय आहे का? दुसऱ्या प्रश्नावर 'थोडंसं करेक्शन' असं मोघम उत्तर आलं, तर पुन्हा विचारा : म्हणजे काय, हाताने करून दाखवा, कुत्र्यावर नको, माझ्या मनगटावर.

दहा दिवसांत गॅरंटी देणाऱ्याकडे जायचं, की तीन महिने रोज पंधरा मिनिटं मागणाऱ्याकडे, हे घरातल्या सगळ्यांना मिळून ठरवावं लागतं. आजी लपून पोळी देणार असेल तर आजीलाही बैठकीत घ्यावं लागतं. आणि काही कुत्रे पूर्ण बरे होत नाहीत. त्यांना मुस्की घालूनच फिरवावं लागतं, पाहुणे आले की खोलीत ठेवावं लागतं, हे चांगला ट्रेनर पहिल्याच भेटीत सांगतो.

न सांगणाऱ्याचे दहा दिवस संपतात, एकविसाव्या दिवशी कुत्रा पुन्हा चावतो आणि मग एका रविवारी त्याला गाडीत घालून हायवेला सोडून येण्याची भाषा सुरू होते. पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये.